चव न घेता दिलेली दाद

गेल्या ऑक्टोबरात मी एका सहकाऱ्याच्या वडिलांशी, त्यांच्याच घरी, त्यांनीच वाढलेलं जेवताना खोटं बोललो. खोटं फार मोठं नव्हतं. स्ट्रॉबेरीबद्दल होतं. पण ते अजून डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि दीड वर्षापासून उत्तर इटलीत, तुरिनमध्ये राहतो. टीममधल्या एकाचं घर तिथून पूर्वेला तासाभरावर, काझाले मोन्फेर्रातो या गावाजवळच्या टेकड्यांत आहे. एका रविवारी तो मला घरी जेवायला घेऊन गेला. त्याचे वडील सत्तरीचे. आयुष्यभर द्राक्षांची शेती. बरीचशी द्राक्षं ते विकतात आणि थोड्यांची घरापुरती वाइन करतात. मी त्यांना मनात काका म्हणतो, तर इथेही काकाच म्हणेन.

हा सगळा भाग पिएमोन्ते प्रांतातला. पिएमोन्ते म्हटलं की वाइनवाले बारोलो आणि बार्बारेस्को ही दोन नावं घेतात, फार तर तिसरं बार्बेरा. काकांनी उघडलेली बाटली यातली कुठलीच नव्हती. ती होती ग्रिन्योलिनो. हे द्राक्षाच्या जातीचंच नाव आहे. इथल्या बोलीत द्राक्षाच्या बियांना ग्रिन्योले म्हणतात, आणि या द्राक्षात बिया जास्त म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. बियांमध्ये टॅनिन असतं, त्यामुळे वाइन तोंडात कडक लागते. सालीतून रंग मात्र फारसा उतरत नाही, त्यामुळे ती दिसते फिकी. म्हणजे दिसायला एक आणि चवीला भलतीच. रेड वाइन गडद आणि मखमली असते असं ज्याने ऐकलंय, त्याला ही बाटली बघूनच शंका येते. १९७३ मध्ये आस्ती भागातल्या आणि १९७४ मध्ये काझाले भागातल्या ग्रिन्योलिनोला कायद्याने स्वतःचं नाव आणि हद्द मिळाली, पण पिएमोन्तेबाहेर ती फारशी दिसत नाही.

जेवायला फ्रित्तो मिस्तो होतं. तळलेल्या पदार्थांचं भलंमोठं ताट. त्यात मांसाचे निरनिराळे तुकडे, भाज्या, आणि त्यांच्याच शेजारी सफरचंदाच्या चकत्या, बदामाची बिस्किटं आणि गोड रव्याच्या वड्या. हो, रवाच. दुधात साखर घालून शिजवायचा, थापायचा, वड्या पाडून तळायच्या. मी मांस खात नाही हे कळल्यावर काकूंनी माझ्या ताटलीत फ्लॉवर, झुकिनी आणि रव्याच्या चार वड्या वाढल्या. शिऱ्याच्या जुन्या ओळखीने मी आधी वडीच उचलली.

मग वाइनचा पहिला घोट घेतला. रंग पाणी जास्त झालेल्या कोकम सरबतासारखा. तोंडात जाताच जीभ आखडली, हिरड्या कोरड्या पडल्या, मागे कडवट आंबटपणा राहिला. मला ती अजिबात आवडली नाही. काका माझ्याकडे बघत होते.

‘कशी आहे?’

एवढं इटालियन मला येतं. मी आणखी एक घोट घेतल्यासारखं केलं आणि टेबलाखाली मोबाइलवर वाइनच्या ॲपमध्ये नाव टाकलं. तिथे जे लिहिलं होतं ते वाचून सांगितलं. स्ट्रॉबेरी, गुलाब, थोडी पांढरी मिरी. फार छान आहे.

काकांनी आपला ग्लास उचलला. नाक आत घातलं, डोळे मिटले, हुंगलं. ग्लास फिरवला, परत हुंगलं. ते माझी स्ट्रॉबेरी शोधत होते. अर्धा मिनिट तरी शोधली असेल. मग ग्लास खाली ठेवून म्हणाले, ‘असेल. माझं नाक आता म्हातारं झालंय.’

*

परतताना गाडीत सहकाऱ्याने सहज सांगितलं की, ग्रिन्योलिनोच्या आठ ओळी उरल्यात आणि त्या या हिवाळ्यात उपटायच्या का, हे बाबा ठरवतायत. तिथे बार्बेरा लावली तर निदान विकली जाते. ‘घरातले आम्ही सगळे छानच म्हणतो. आम्ही दुसरं काय म्हणणार? म्हणून त्यांनी तुला विचारलं. तू बाहेरचा.’

मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

आमच्या कामात कोड रिव्ह्यू असतो. एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने वाचायचा आणि ठीक असेल तर मंजूर करायचा. मंजूर करताना बरेच जण ‘एलजीटीएम’ एवढंच लिहितात, म्हणजे ‘मला तर बरं दिसतंय’. शुक्रवारी संध्याकाळी आठशे ओळींचा बदल समोर आला की तो दोन मिनिटांत मंजूर करून घरी जाणारे सगळीकडे असतात. मीही त्यांतलाच. यात वाईट काय, तर ज्याने कोड लिहिला त्याला वाटतं की यावरून दोन माणसांची नजर फिरली आहे. खरं तर एकाचीच फिरलेली असते. तो माझ्या भरवशावर निवांत झोपतो आणि तो भरवसा मी कधी दिलेलाच नसतो.

काकांच्या वाइनला मी एलजीटीएम दिला होता.

त्या रात्री मला आईची आठवण आली. आमच्याकडे नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो. पुरण, कटाची आमटी, भाजी, सगळं अंदाजाने. देवाला दाखवून झालं की पहिलं पान वाढलं जातं आणि आई हातात पळी घेऊन उभी राहते. ‘मीठ कसंय?’ बाबा घास तोंडात जायच्या आधीच ‘छान झालंय’ म्हणतात. आईला ते ऐकूसुद्धा येत नाही. ती आजीकडे बघत असते. आजी घास खाते, थांबते आणि म्हणते, ‘आमटीत जरा कमी आहे.’ आई लगेच मीठ आणते. आजी क्वचित कौतुक करते, पण केलं तर आई ते दिवसभर सगळ्यांना सांगते.

चाखता येत नाही म्हणून आईला पहिल्या घासावर अवलंबून राहावं लागतं. काकांची अडचण उलटी आहे. त्यांनी तीच वाइन आयुष्यभर इतकी प्यायली आहे की ती नव्याने चाखणं आता त्यांना शक्य नाही. दोघांनाही दुसऱ्या कुणाच्या तरी जिभेची गरज आहे. ती गरज असलेल्या माणसाला मी बाबांसारखं ‘छान झालंय’ म्हटलं होतं, आणि वर ते खरं वाटावं म्हणून स्ट्रॉबेरी लावली होती.

*

पण यावर एक साधा आक्षेप आहे. चव ज्याची त्याची, तर तिच्याबद्दल खोटं बोलता येतं का?

कांटने १७९० च्या आपल्या ग्रंथात नेमकं वाइनचंच उदाहरण घेतलंय. कुणी एखाद्या वाइनला सुखद म्हटलं तर ‘मला सुखद’ असं म्हण, अशी दुरुस्ती त्याला सुचवली जाते आणि तो ती मान्यही करतो. जे फक्त जिभेला बरं वाटतं त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. सौंदर्याचा दावा कांटच्या मते वेगळा, पण वाइनपुरतं प्रत्येकाचं आपापलं. आणि आपापलंच असेल तर मी काहीही बोललो तरी कुणाचं काय बिघडलं?

कांटच्या आधी ह्यूमने १७५७ मध्ये अभिरुचीवर निबंध लिहिला. त्यात ‘डॉन किहोते’मधल्या सांचोने सांगितलेली गोष्ट येते. त्याच्या दोन नातेवाइकांना एका पिंपातली वाइन चाखायला दिली. एक म्हणाला, चांगली आहे, पण चामड्याचा किंचित वास येतो. दुसरा म्हणाला, चांगली आहे, पण लोखंड लागतं. लोक दोघांनाही हसले. पिंप रिकामं झालं तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली जुनी किल्ली सापडली. ह्यूमला म्हणायचं होतं की, चव पूर्णपणे आपल्या मनातली नसते, तिचा काही भाग पिंपातही असतो आणि तो ओळखणारी जीभ कमावता येते.

मला ही गोष्ट फार आवडते. पण माझ्या पिढीला ती जशीच्या तशी मानणं अवघड आहे, कारण मधल्या काळात प्रयोग झालेत. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फ्रान्समधल्या बोर्दोत वाइनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना व्हाइट वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग मिसळून दिला. त्यांनी तिचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २० जणांना एमआरआय यंत्रात झोपवून नळीने वाइन पाजली. वाइन तीनच होत्या, पण पाच किमती सांगून पाच असल्याचं भासवलं. पाच डॉलरची वाइन पंचेचाळीसची म्हणून दिली तेव्हा लोकांना ती जास्त आवडली, आणि मेंदूच्या ज्या भागाचा सुखाच्या जाणिवेशी संबंध जोडतात तिथली हालचालही वाढली. ते शिष्टपणा करत नव्हते. त्यांना खरंच जास्त सुख मिळत होतं.

म्हणजे ॲप मी घोटाच्या आधी वाचलं असतं तर मला खरोखर स्ट्रॉबेरी लागली असती, ही शक्यता आहे. मग त्या स्ट्रॉबेरीत आणि माझ्या स्ट्रॉबेरीत फरक काय राहिला?

काही दिवस मला याचं उत्तर सापडलं नाही. मग लक्षात आलं की बोर्दोचे विद्यार्थी चुकले, पण त्यांनी ग्लासात नाक घातलं होतं. रंगाने त्यांची दिशाभूल केली आणि त्यांना जे जाणवलं ते त्यांनी लिहिलं. यंत्रात झोपलेल्यांचंही तसंच. माझ्या जिभेने मला अगदी स्पष्ट रिपोर्ट दिला होता. मी तो बाजूला ठेवला आणि दुसऱ्याचा रिपोर्ट माझ्या नावाने सादर केला. चव चुकू शकते, फसू शकते, शेजारच्या पदार्थाने बदलू शकते. तिची खात्री मी देऊ शकत नाही. मी घोट घेतला आणि त्याकडे लक्ष दिलं, एवढीच खात्री माझ्या हातात होती आणि तेवढीच काकांनी मागितली होती.

किल्लीच्या गोष्टीतही हे दिसतं. त्या दोघांपैकी कुणालाच किल्लीचा पूर्ण पत्ता लागला नव्हता. एकाला चामडं कळलं, दुसऱ्याला लोखंड. दोघेही अर्धेच बरोबर होते, पण दोघांनी आपापलं सांगितलं म्हणून बेरीज झाली. दोघांनी एकाच ठिकाणचं वाचून ‘स्ट्रॉबेरी’ म्हटलं असतं, तर किल्ली सापडल्यावरही कुणाला काही उमगलं नसतं. हजार लोक एकच वाक्य पुढे पाठवतात तेव्हा मत एकाचंच असतं.

‘पाहुण्याने जेवायला नावं ठेवायची नसतात’ हेही खरं. पहिल्यांदा घरी आलेल्याने ‘नाही आवडली’ म्हणावं असं मी म्हणत नाही. पण ‘छान’ आणि ‘वाईट’ यांच्या मध्ये बरीच जागा असते. ‘मी अशी पहिल्यांदाच पितोय, जीभ आखडली’ एवढं मला म्हणता आलं असतं. ते खरं होतं आणि त्यात अपमानही नव्हता. मी ते टाळलं, त्याचं कारण सौजन्य नव्हतं. मी ज्या घरात वाढलो तिथे वाइन म्हणजे दारू, दारू म्हणजे दारूच. तिच्या चवीचे शब्द असतात हे मला नोकरी लागल्यावर कळलं. युरोपातल्या टेबलावर आपण गावठी दिसू ही भीती होती. काकांच्या भावना जपायला मी खोटं बोललो नाही. स्वतःला जपायला बोललो.

*

नोव्हेंबरच्या शेवटी मी सहकाऱ्याला म्हटलं, मला परत तुझ्या घरी यायचंय.

टेबलावर बसल्या बसल्या मी मोडक्या इटालियनमध्ये काकांना सांगून टाकलं की, त्या दिवशी मी फोनवर वाचून बोललो होतो. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले.

‘म्हणजे स्ट्रॉबेरी नाही?’

‘मला नाही लागली.’

ते जोरात हसले आणि आत स्वयंपाकघरात ओरडून काकूंना म्हणाले, ‘माझं नाक चांगलं आहे!’ काकू बाहेर आल्या आणि माझ्यावर बोट रोखून भराभर काहीतरी म्हणाल्या. मुलाने भाषांतर केलं. महिनाभर हा माणूस रोज जेवताना स्ट्रॉबेरी शोधतोय.

मला हसू आलं आणि लाजही वाटली. आठ ओळींचा विचार मी केला होता. त्यांच्या नाकावरचा त्यांचाच विश्वास मी हलवला होता, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

काका खालून बाटली आणायला निघाले आणि मला सोबत घेऊन गेले. इथल्या जुन्या घरांखाली दगडात हाताने खोदलेल्या छोट्या खोल्या असतात, त्यांना इनफेर्नोत म्हणतात. उजेड नाही, वारा नाही, भिंतीतच कोरलेल्या फळ्यांवर बाटल्या. हिवाळ्यात शेतात काम कमी असताना शेतकऱ्यांनीच त्या खोदल्या. २०१४ पासून या भागातले द्राक्षमळे आणि इनफेर्नोत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. काकांच्या इनफेर्नोतमध्ये दोन माणसं जेमतेम मावतात.

वर आल्यावर त्यांनी ग्लास भरला आणि तोच प्रश्न विचारला. मी घोट घेतला. जीभ आखडली. डोक्यात एकच शब्द आला, तुरट.

तुरट म्हणजे काय ते मराठी माणसाला सांगावं लागत नाही. आवळा, सुपारी, कच्चं केळं, जांभूळ खाल्ल्यावरची जीभ. आपल्या सहा रसांत त्याला हक्काची जागा आहे. आजचं विज्ञान तुरटपणाला मूळ चवींत धरत नाही, स्पर्श म्हणतं. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंडात घर्षण वाढतं. चव असो की स्पर्श, मला जे झालं ते हेच होतं, आणि त्याला शब्द मी लहानपणापासून वापरत होतो. ॲपमध्ये शोधायची गरज नव्हती.

पण तो काकांना कसा सांगायचा? सुपारी त्यांना माहीत नाही. मी तोंड आवळून, गाल आत ओढून दाखवलं. ते उठले आणि मला अंगणात घेऊन गेले. तिथे काकी फळाचं झाड होतं. पानं सगळी गळलेली, फांद्यांवर नुसती नारिंगी फळं. त्यांनी चाचपून एक अजून टणक असलेलं फळ तोडलं, चाकूने काप काढून मला दिला. खाल्ला आणि माझा चेहराच बोलला.

‘अल्लापान्ते,’ काका म्हणाले.

मग आत येऊन त्यांनी रोबिओला चीज कापलं. शेळीच्या दुधाचं, मऊ, खारट, थोडं आंबूस. आधी चीज, मग घोट, असं खुणेने सांगितलं. वाइन तीच होती पण जीभ आखडली नाही, निदान तेवढी नाही. टॅनिनला चिकटायला चीजमधली प्रथिनं मिळाली, आणि खारटपणाने कडवटपणा दबला. ऑक्टोबरात मी गोड वडीवर हीच वाइन प्यायलो होतो, आणि गोडावर तुरट-आंबट आणखी कठोर लागतं. तेव्हा माझ्या जिभेने दिलेला रिपोर्ट खरा होता. आताचाही खराच होता.

‘आवडली?’ काकांनी विचारलं.

मी विचार करून म्हटलं, ‘गोडाबरोबर नाही. चीजबरोबर हो. नुसती, अजून माहीत नाही.’

त्यांनी मान हलवली, जणू मी काहीतरी कामाचं बोललो होतो. ओळींचं काय ठरवलं ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

फेब्रुवारीत सहकाऱ्याने फोटो दाखवला. पाच ओळींची जागा मोकळी, नांगरलेली. तीन ओळी छाटून, तारेला बांधून उभ्या होत्या. तीन का ठेवल्या असं विचारल्यावर तो म्हणाला, ‘घरापुरत्या.’ यात माझ्या बोलण्याचा काही वाटा आहे असं मला वाटत नाही, असू नये असंही वाटतं.

काकांनी माझ्यासाठी एक बाटली पाठवली आहे. घरची म्हणून तिच्यावर लेबल नाही. मी अजून उघडलेली नाही. परवा बाजारातून चीज आणून ठेवलंय.